करंडक हातात, काळीज इस्पितळात!

घरात मूल तापाने फणफणलेलं असलं की ऑफिसला निघताना बापाचा पाय उंबऱ्यातच अडखळतो. रजा टाकावी तर कामाचा खोळंबा, जावं तर मन घरात. शेवटी बायको म्हणते, ‘‘तुम्ही जा हो, मी आहे ना!’’ आणि तो जातो. दिवसभर फायली पुढे-मागे करतो, दर तासाला घरी फोन लावतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हा अनुभव घेतलाय.

पण आजार साध्या तापाचा नसून रक्ताच्या कर्करोगाचा असेल तर? आणि ‘ऑफिस’ म्हणजे तीस-चाळीस हजार प्रेक्षकांनी भरलेलं स्टेडियम, समोर जगज्जेता संघ आणि टीव्हीपुढे अख्खा देश बसलेला असेल तर?

या वेळी मैदानावरची जी गोष्ट सांगायची आहे, ती अशाच एका बापाची. नाव किम व्हिलफोर्ट. गाव कोपनहेगन, देश डेन्मार्क. फुटबॉलच्या शौकिनांनाही हे नाव चटकन आठवणार नाही. पेले, मॅराडोना, प्लातिनी यांच्या पंक्तीत ते कधी बसलं नाही. मात्र डेन्मार्कमध्ये १९९२ च्या उन्हाळ्याची आठवण निघाली की हे नाव निघतंच, आणि ते घेताना आवाज जरा खाली येतो.

एका क्लबाशी बांधलेला गडी

व्हिलफोर्टचा जन्म १५ नोव्हेंबर १९६२ चा, कोपनहेगनच्या वाल्बी भागातला. फ्रेम या तिथल्या जुन्या क्लबाकडून त्याने नाव कमावलं. गोल करणारा आघाडीचा खेळाडू अशी त्याची सुरुवातीची ओळख. १९८५ मध्ये फ्रान्सच्या लील क्लबाचं बोलावणं आलं आणि तो परदेशी गेला. पण तिथे तो फार काळ रमला नाही. वर्षभरातच परतला आणि ब्रॉन्डबी या क्लबात दाखल झाला.

परतला तो कायमचाच. १९८६ ते १९९८ अशी तब्बल बारा वर्षं तो ब्रॉन्डबीकडूनच खेळला. ४७० सामने, सात वेळा डेन्मार्कचं लीग विजेतेपद, तीन वेळा डॅनिश कप. चांगला खेळाडू दिसला की इटली, जर्मनी, इंग्लंडचे श्रीमंत क्लब पैशाच्या थैल्या घेऊन दारात उभे राहतात, त्या जमान्यातली ही गोष्ट. व्हिलफोर्टचे सोबती एकामागून एक परदेशी गेले. ब्रॉन्डबीचा गोलरक्षक पीटर श्मायकेल १९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. व्हिलफोर्ट मात्र घरच्या मैदानावरच घाम गाळत राहिला.

ब्रॉन्डबी हाही काही जुना, खानदानी क्लब नव्हे. १९६४ मध्ये कोपनहेगनच्या उपनगरातल्या दोन छोट्या क्लबांना एकत्र करून तो उभा राहिला. पण १९९०-९१ च्या मोसमात याच क्लबाने युरोपात खळबळ उडवली. यूएफा कप स्पर्धेत जर्मनीच्या आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्टला घरच्या मैदानावर पाच गोलांनी लोळवलं आणि थेट उपांत्य फेरी गाठली. तिथे गाठ पडली इटलीच्या रोमाशी. अंतिम फेरी दोन मिनिटांवर आली असताना रुडी फोलरने गोल केला आणि ब्रॉन्डबीचं स्वप्न भंगलं. त्या वर्षीचा डेन्मार्कचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवड झाली ती किम व्हिलफोर्टची.

एव्हाना तो मध्यफळीत स्थिरावला होता. त्याच्या खेळात नजाकत कमी आणि कष्ट जास्त. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायचं, प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा, सोबत्याला द्यायचा आणि संधी दिसली की स्वतः गोलाकडे झेपावायचं. आपल्याकडे एकत्र कुटुंबात असा एखादा काका असतो. लग्नकार्यात फोटोत कुठे दिसत नाही, पण मंडपापासून पंगतीपर्यंत सगळं त्याच्याच अंगावर असतं. संघात व्हिलफोर्ट तसा होता.

मागच्या दाराने मिळालेलं आमंत्रण

आता येऊ १९९२ कडे. त्या वर्षी जूनमध्ये स्वीडनमध्ये युरोपीय राष्ट्रांची अजिंक्यपद स्पर्धा व्हायची होती. आज या स्पर्धेत चोवीस संघ असतात. तेव्हा फक्त आठ असायचे. त्या आठांत डेन्मार्क नव्हता!

पात्रता फेरीत डेन्मार्कचा गट युगोस्लाव्हियाने जिंकला होता. युगोस्लाव्हियाचे गुण १४, डेन्मार्कचे १३. एका गुणाने संधी हुकली होती. त्यात संघात भाऊबंदकी! मायकेल आणि ब्रायन लाउड्रप हे डेन्मार्कचे दोन हिरे. प्रशिक्षक रिचर्ड म्योलर निल्सन यांची बचावावर भर देणारी पद्धत त्यांना पसंत नव्हती. नोव्हेंबर १९९० मध्ये युगोस्लाव्हियाकडून घरच्या मैदानावर हार झाली आणि दोघा भावांनी राष्ट्रीय संघाला रामराम ठोकला. धाकटा ब्रायन पुढे परतला, थोरला मायकेल मात्र स्वीडनला आलाच नाही.

पण दैवाचे फासे कसे पडतील कोण सांगणार? युगोस्लाव्हियात यादवी पेटली. देशाचे तुकडे पडू लागले, गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले आणि लगोलग त्यांच्या फुटबॉल संघालाही स्पर्धेतून बाहेर काढण्यात आलं. सरावासाठी स्वीडनमध्ये येऊन पोहोचलेल्या खेळाडूंना बॅगा भरून परतावं लागलं. त्यांची जागा कुणाला? गटात दुसऱ्या आलेल्या डेन्मार्कला!

इथे एक दंतकथा जन्माला आली. डेन्मार्कचे खेळाडू म्हणे समुद्रकिनाऱ्यावर ऊन खात पडले होते, त्यांना तिथून उचलून आणलं. कथा गोड आहे, पण ती पुरती खरी नाही. डेन्मार्कमधली लीग तेव्हा चालूच होती आणि जूनच्या सुरुवातीला जुन्या सोव्हिएत संघाशी एक मैत्रीपूर्ण सामनाही ठरलेला होता. त्यामुळे व्हिलफोर्टसारखे घरचे खेळाडू चांगलेच सरावात होते. प्रशिक्षक म्योलर निल्सन यांचा मात्र घरातलं स्वयंपाकघर नव्याने करून घेण्याचा बेत होता म्हणतात. तो राहिला बाजूला!

तयारीला दिवस किती मिळाले? जेमतेम दहा-अकरा. लग्नाचं आमंत्रण आदल्या दिवशी यावं आणि शिंप्याकडे धावाधाव व्हावी, तसा प्रकार.

घरातलं दुःख

सगळा देश या अचानक आलेल्या लॉटरीने हरखला होता. पण एका खेळाडूच्या घरात वेगळंच चाललं होतं. किम व्हिलफोर्टच्या लहानग्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार चालू होते. तिची प्रकृती नाजूक होती. अशा वेळी संघात निवड झाली म्हणून आनंद करायचा की मुलीजवळ बसायचं?

तो गेला. ११ जूनला माल्मो शहरात इंग्लंडविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. १४ जूनला स्टॉकहोममध्ये यजमान स्वीडनकडून एका गोलाने हार. दोन सामने, एकही गोल नाही, गुण एक. डेन्मार्कचं सामान बांधून ठेवलेलं बरं, असंच सगळे म्हणू लागले.

आणि याच सुमाराला मुलीची तब्येत ढासळल्याचा निरोप आला. व्हिलफोर्टने क्षणाचाही विचार केला नाही. संघ सोडून तो थेट कोपनहेगनला मुलीकडे निघून गेला. प्रशिक्षकांनीही त्याला अडवलं नाही. कडक शिस्तीचा, जुन्या वळणाचा माणूस म्हणून ज्यांना लाउड्रप बंधू कंटाळले होते, त्याच म्योलर निल्सन यांनी या वेळी बापाला बापासारखं वागू दिलं, हे नोंदवायला हवं.

१७ जूनला पुन्हा माल्मोतच फ्रान्सशी गाठ होती. नकाशा काढून पाहा. माल्मो आणि कोपनहेगन यांच्या मध्ये केवळ ओरेसुंडची सामुद्रधुनी. आज तिथे भलामोठा पूल आहे, पण तो खुला झाला २००० साली. १९९२ मध्ये बोटीनेच ये-जा चालायची. त्या संध्याकाळी पाण्याच्या एका काठावर व्हिलफोर्टचे सोबती स्पर्धेत टिकून राहण्यासाठी झगडत होते आणि दुसऱ्या काठावर तो मुलीच्या उशाशी होता.

मिशेल प्लातिनी यांच्या मार्गदर्शनाखाली आलेला फ्रान्स म्हणजे विजेतेपदाचा एक प्रमुख दावेदार. पात्रता फेरीतले आठच्या आठ सामने त्यांनी जिंकले होते. पण हेन्रिक लार्सनने आठव्याच मिनिटाला गोल केला. पापँने फ्रान्सला बरोबरी साधून दिली. शेवटची बारा मिनिटं उरली असताना बदली खेळाडू लार्स एल्स्ट्रुपने चेंडू जाळ्यात धाडला. २-१! तिकडे स्वीडनने इंग्लंडला हरवलं आणि मागच्या दाराने आलेला डेन्मार्क थेट उपांत्य फेरीत जाऊन बसला.

‘‘बाबा, तुम्ही जा!’’

आता पुन्हा तोच प्रश्न. जायचं की राहायचं?

घरच्यांनीच त्याला परत जायला सांगितलं. आजारी मुलीचीही तीच इच्छा होती. बाबाने खेळावं, असं तिला वाटत होतं.

हे वाचताना मराठी वाचकाला दुसरी एक आठवण आल्याशिवाय राहणार नाही. मे १९९९. इंग्लंडमध्ये विश्वचषक क्रिकेट स्पर्धा चालू होती आणि सचिन तेंडुलकरचे वडील, प्राध्यापक रमेश तेंडुलकर मुंबईत गेले. सचिन घरी आला. त्याच्याविना भारत झिंबाब्वेकडून अवघ्या तीन धावांनी हरला. आईने त्याला परत पाठवलं आणि २३ मे रोजी ब्रिस्टलच्या मैदानावर केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. शतक पुरं झाल्यावर आकाशाकडे पाहणारा सचिन आपण सगळ्यांनी पाहिलाय.

दोन्ही गोष्टींत पाठवणारी माणसं घरचीच. फरक एकच. सचिन दुःख घडून गेल्यावर मैदानात उतरला होता. व्हिलफोर्टच्या डोक्यावर ते टांगलेलं होतं. एका प्रसंगात मन सुन्न असतं, दुसऱ्यात ते क्षणाक्षणाला घराकडे धावत असतं. यातलं जास्त अवघड कोणतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

चौथी पेनल्टी

२२ जून, गोथेनबर्ग. समोर गतविजेता हॉलंड. रूड गुलिट, मार्को व्हॅन बास्टन, फ्रँक रायकार्ड, डेनिस बर्गकॅम्प... नुसती नावं वाचली तरी धडकी भरावी! डेन्मार्कच्या संघात व्हिलफोर्ट परतला होता.

लार्सनने पाचव्या मिनिटाला गोल केला. बर्गकॅम्पने फेडला. लार्सनने पुन्हा केला. सामना संपायला चार मिनिटं असताना रायकार्डने बरोबरी साधली. तोवर डेन्मार्कचे खेळाडू पार थकले होते. बचावपटू हेन्रिक अँडरसनच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि वेदनेने विव्हळत त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. जादा वेळेतही २-२ ची कोंडी फुटली नाही. मग पेनल्टी!

हॉलंडतर्फे व्हॅन बास्टनने मारलेला दुसरा फटका श्मायकेलने झेप घेऊन अडवला. बाकी सगळ्यांचे गोल होत गेले. डेन्मार्कतर्फे चौथी पेनल्टी घ्यायला कोण आलं? किम व्हिलफोर्ट.

मैदानाच्या मध्यापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत चालत जायचं ते अंतर. तिथे माणूस अगदी एकटा असतो. त्या वाटेवर त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, याची आपण फक्त कल्पना करायची. तो गेला, चेंडू ठेवला आणि गोल केला. पाचवी आणि शेवटची पेनल्टी किम क्रिस्टॉफ्टने दोन पावलांच्या धावेवर इतक्या थंडपणे मारली की जणू गल्लीतला खेळ चाललाय! ५-४. डेन्मार्क अंतिम फेरीत.

अठ्ठ्याहत्तरावं मिनिट

२६ जून १९९२. पुन्हा गोथेनबर्ग, उलेवी स्टेडियम. या वेळी समोर जर्मनी. १९९० चे जगज्जेते. त्यात पूर्व आणि पश्चिम एक झाल्यानंतर एकत्रित जर्मनीची ही पहिलीच मोठी स्पर्धा. क्लिन्समान, हेसलर, ब्रेमे, एफेनबर्ग, सामर असा दांडगा संघ. जेमतेम बावन्न लाख लोकवस्तीचा डेन्मार्क त्यांच्यापुढे म्हणजे हत्तीपुढे ससा.

सुरुवातीपासून जर्मनांनी हल्ले चढवले. पण अठराव्या मिनिटाला एक अजब घडलं. जॉन येन्सन हा व्हिलफोर्टचा ब्रॉन्डबीतलाच सोबती. धावायला वाघ, पण त्याचे फटके गोलापेक्षा प्रेक्षकांतच जास्त जायचे. त्याने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून असा काही सणसणीत फटका मारला की गोलरक्षक इल्गनर पाहतच राहिला. (हाच येन्सन पुढे इंग्लंडच्या आर्सेनलकडे गेला आणि तिथल्या चार वर्षांत त्याने गोल केला तो एकच! यावरून त्या फटक्याची नवलाई कळावी.)

मग तासभर जर्मनांचा मारा आणि श्मायकेलची भिंत. चेंडू जरा मोकळा मिळाला की डेन्मार्कचे खेळाडू तो मागे श्मायकेलकडे द्यायचे आणि तो हातात घेऊन वेळ काढायचा. तेव्हा ते नियमात बसत होतं. सोबत्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, हा नियम त्याच वर्षी, या स्पर्धेनंतर आला.

अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. उंचावरून आलेला चेंडू व्हिलफोर्टपुढे पडला. त्याने तो घेताना हात लागला, असा जर्मनांनी गिल्ला केला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. अंगावर आलेल्या बचावपटूंना त्याने एका वळणात बाजूला सारलं आणि डाव्या पायाने जमिनीलगत फटका मारला. चेंडू खांबाला आतून चाटून जाळ्यात!

२-० आणि सामना तिथेच संपला.

सोबती त्याच्यावर तुटून पडले. त्या मिठ्यांमध्ये विजयाचा आनंद होताच, पण आणखीही काही होतं. त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, हा माणूस कुठून आलाय आणि उद्या कुठे जाणार आहे. कर्णधार लार्स ओल्सनने करंडक उंचावला. दुसऱ्या दिवशी कोपनहेगनच्या नगरभवनासमोर माणसांचा महापूर लोटला. अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, २ जूनला, युरोपच्या एकीकरणाचा मास्ट्रिक्ट करार सार्वमतात फेटाळून डेन्मार्कने साऱ्या युरोपचा रोष ओढवून घेतला होता. त्याच युरोपच्या मैदानावर आता त्यांचा झेंडा फडकत होता. लोक वेडावले नसते तरच नवल!

परीकथेच्या पलीकडे

सिनेमा असता तर गोष्ट इथे संपली असती. बाबाने गोल केला, मुलगी खडखडीत बरी झाली, शेवटी गाणं. पण आयुष्याचे पटकथालेखक फार निष्ठुर असतात.

डेन्मार्क जिंकल्यानंतर काही आठवड्यांतच व्हिलफोर्टची मुलगी गेली.

ज्या उन्हाळ्याची आठवण काढून एक देश आजही नाचतो, त्याच उन्हाळ्यात त्या देशाला आनंद देणाऱ्या माणसाने आपल्या लेकीला निरोप दिला. डेन्मार्कमध्ये दर काही वर्षांनी त्या विजयाचे सोहळे होतात. २०१५ मध्ये त्यावर एक चित्रपटही निघाला. व्हिलफोर्टचा तो गोल हजारो वेळा पुन्हा पुन्हा दाखवला गेलाय. प्रत्येक वेळी इतरांना फक्त गोल दिसत असेल. त्याला त्या गोलामागची खोली दिसत असणार.

त्याने जायला नको होतं, असं म्हणणारेही भेटतात. मुलीचे दिवस मोजके होते, ते तिच्याजवळ घालवायचे सोडून फुटबॉल कसला? या प्रश्नाला आपण उत्तर देऊ नये हेच बरं. गरज पडली तेव्हा देशाचा सामना सोडून तो घरी आला, हे विसरून चालणार नाही. आणि घरच्यांनी पाठवलं तेव्हाच परत गेला. आजारी माणसाच्या घरात सगळ्यांनी चोवीस तास चेहरा पाडून बसावं, अशी आजारी माणसाची इच्छा क्वचितच असते. लहान मुलांची तर नसतेच. आपल्यामुळे घरातलं सगळं थांबलंय, हे ओझं त्यांना नको असतं. बाबा टीव्हीवर दिसतोय, धावतोय, गोल करतोय, हे पाहण्यात त्या चिमुरडीला आनंद मिळाला असेल, तर तो आनंद तिला कुठल्या औषधाने दिला असता?

आज आशा मोठी आहे

एक गोष्ट मात्र वाचकांना सांगितलीच पाहिजे, कारण ही गोष्ट वाचून कुणी धसका घेऊ नये. मुलांच्या ल्युकेमियावरचे उपचार आज खूप पुढे गेले आहेत. १९६० च्या सुमाराला या आजारातून फार थोडी मुलं वाचायची. १९९२ सालापासूनच डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड या देशांनी मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियासाठी सामाईक उपचारपद्धती राबवायला घेतली. एकमेकांचे अनुभव एकत्र केले, औषधांची मात्रा सुधारत नेली. प्रगत देशांत आज या प्रकारच्या ल्युकेमियाची दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात.

आपल्याकडेही उपचार आहेत. मुंबईत परळच्या टाटा इस्पितळाबाहेर देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले आईबाप आपण पाहतोच. अडचण असते ती उशिरा येण्याची आणि उपचार अर्ध्यावर सोडण्याची. मूल दोन आठवडे तापातून उठत नाही, फिकट पडतंय, न लागता अंगावर काळेनिळे डाग उठताहेत, हाडं दुखताहेत म्हणून रडतंय, मानेला-काखेत गाठी येताहेत, असं दिसलं तर घरगुती काढ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या. बहुतेक वेळा काहीतरी साधंच निघेल. पण निघालं दुसरं काही, तर लवकर कळल्याचा फायदा मोठा असतो. आणि उपचार दोन-तीन वर्षं चालतात, तेव्हा मूल वरवर बरं दिसायला लागलं म्हणून मध्येच थांबू नका.

पुढचा प्रवास

व्हिलफोर्टने मुलीच्या जाण्यानंतर खेळ सोडला नाही. १९९४ च्या विश्वचषकासाठी डेन्मार्क अगदी थोडक्यात हुकला. आयर्लंडशी गुण सारखे, गोलांतला फरकही सारखा, पण आयर्लंडने गोल जास्त केले होते म्हणून ते पुढे गेले. १९९६ मध्ये त्याचा राष्ट्रीय संघातला प्रवास थांबला. ७७ सामने, १४ गोल. क्लबाकडून तो आणखी दोन वर्षं खेळला आणि लागोपाठ तीन लीग विजेतेपदं, १९९६, १९९७ आणि १९९८ ची, खिशात घालून वयाच्या पस्तिशीत त्याने बूट उतरवले.

मग काय केलं? पुन्हा ब्रॉन्डबीच! अनेक वर्षं तो क्लबात उगवत्या खेळाडूंना घडवण्याची जबाबदारी सांभाळत राहिला. दुसऱ्यांची मुलं हाताशी धरून त्यांना खेळ शिकवायचा, कुणात काय गुण आहे ते ओळखायचं. यात त्याला काय मिळालं असेल, हे शब्दांत सांगायची गरज नाही.

रिचर्ड म्योलर निल्सन २०१४ मध्ये गेले. त्यांचं ते स्वयंपाकघर डेन्मार्कमध्ये दंतकथा होऊन बसलंय. २०२१ मध्ये कोपनहेगनच्याच मैदानावर ख्रिश्चन एरिक्सन हृदय बंद पडून कोसळला, तेव्हा त्याच्याभोवती पाठ करून कडं उभारणारे डेन्मार्कचे खेळाडू साऱ्या जगाने पाहिले. आपल्या माणसाचं दुःख कॅमेऱ्यापासून झाकायचं आणि त्याच्यासाठी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. एरिक्सन वाचला आणि तो संघ त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेला. १९९२ च्या संघाने आपल्या सोबत्याला असंच सांभाळलं होतं, फक्त तेव्हा ते कुणाला दिसलं नव्हतं.

पुढच्या वेळी एखादा सहकारी कामात चुका करताना दिसला, मीटिंगमध्ये हरवलेला वाटला, तर ओरडण्याआधी एकदा विचारा, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’ आणि तो म्हणाला, ‘‘मला जायला हवं,’’ तर जाऊ द्या. म्योलर निल्सन यांनी जाऊ दिलं होतं. करंडक म्हणून काही अडला नाही.